बेटं किती ते नंतर सांगा, बोट कोणती ते आधी लिहून द्या: कोल्हापुरातील सहल आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व सहल आयोजक

सप्रेम नमस्कार,

अंदमान, क्राबी, फुकेत आणि आपल्या हाकेच्या अंतरावरचं मालवण-तारकर्ली. दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या समुद्री सहलींची पत्रकं राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत कुठल्याही कार्यालयात मिळतात. हॉटेल किती तारांकित, नाश्त्याला काय, गाडी एसी की साधी, हे सगळं त्यांत छापलेलं असतं. ज्या दिवसासाठी माणूस एवढा खर्च करतो त्या बोटीच्या दिवसाला मात्र एकच ओळ मिळते: ‘बोटीने चार बेटांची सफर, दुपारचे जेवण समाविष्ट.’ बोट कोणत्या प्रकारची, किती माणसांची, तिच्यात चढायचं कसं, ओहोटी किती वाजता, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, यातलं काहीही नाही.

समुद्री सहली आखणं आणि माणसांना सुखरूप पाण्यात उतरवून परत आणणं हेच आमचं काम आहे. आमची मागणी एकच आहे. ॲडव्हान्स घेण्याआधी बोटीच्या दिवसाचा तपशील गिऱ्हाइकाला लेखी द्या. तुमच्या टेबलासमोर बसलेलं कुटुंब तारीख बदलू शकतं, बेट बदलू शकतं, आजीला नेण्याबद्दल पुन्हा विचार करू शकतं. तेच कुटुंब जेट्टीवर पोचलं, मागे रांग लागली आणि बोटवाला घाई करू लागला की ‘बसा पटकन’ एवढंच त्याच्या वाट्याला येतं.

आधी तारखांचं. नैऋत्य मोसमी वारे अंदमान समुद्रात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतात. आपल्याकडे वळीव पडत असतो तेव्हा तिकडे खरा पावसाळा लागलेला असतो. क्राबी आणि फुकेत थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत, त्यामुळे साधारण मे ते ऑक्टोबर तिथे लाटा थेट अंगावर येतात. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ ही पर्यटकांची बोट वादळी समुद्रात बुडाली आणि ४७ जण गेले. हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. उन्हाळी सहल एप्रिलात किंवा फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात बसवा. जूनची ‘ऑफ सीझन’ सवलत दाखवून बेटांची सफर विकू नका. त्या दिवसांत स्वस्त मिळतं ते हॉटेल, समुद्र नव्हे. कोकणातही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद असतं.

दिवाळीचा काळ त्या मानाने बरा, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना काढायला नौदलाला जावं लागलं. (हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटावर कुठलंही नाव दिसू शकतं, ते गिऱ्हाइकाला आधी सांगा.) यावर उपाय कार्यक्रमाच्या क्रमात आहे. बेटं सहलीच्या सुरुवातीला घ्या. सेल्युलर जेल, संग्रहालय, बाजार शेवटी ठेवा. बेटावरून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस कधीही एक नको, मध्ये किमान एक मुक्काम हवा. कोल्हापूरहून मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबादमार्गे जावं लागतं आणि बऱ्याचदा दोन वेगळी तिकिटं असतात. बोट रद्द झाल्यामुळे पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्याचे पैसेही बुडतात.

भरती-ओहोटीचा विषय पत्रकात कधीच नसतो, आणि बोटीचा दिवस जमणार की फसणार हे निम्मं तिच्यावरच ठरतं. क्राबीच्या ‘फोर आयलंड’ सफरीचं आकर्षण म्हणजे टुप, मोर आणि चिकन या बेटांना जोडणारी वाळूची पट्टी, थले वेक. ती ओहोटीला उघडी पडते आणि भरतीला पाण्याखाली जाते. पत्रकातला फोटो ओहोटीचा आणि बोट पोचते भरतीला, मग माणसं म्हणतात आम्हाला फसवलं. नील बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूलही ओहोटीलाच नीट बघता येतो. त्याच बेटावरच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीला मात्र पुरेसं पाणी लागतं. एकाला ओहोटी हवी, दुसऱ्याला भरती, आणि दोन्हींत साधारण सहा तासांचं अंतर. दोन्ही एकाच सकाळी बसवली तर एक हुकणारच. नीलवर एक मुक्काम ठेवला की दोन्ही निवांत होतात.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी जमलेलं वेळापत्रक शुक्रवारच्या गटाला तसंच लावलं तर तीन तासांहून जास्त चुकतं. कोकण किनाऱ्यासाठी जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणून चारने भागायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. अंदाजापुरता तो चालतो, पण तो कोकणापुरताच आहे. अंदमान आणि क्राबीचं भरतीचं कोष्टक वेगळं. ते तारीखवार मिळतं, त्यातून सहलीच्या दिवसाच्या वेळा बघून पत्रकाला जोडा.

दिवाळीच्या सहलींत आणखी एक लक्षात घ्यायला हवं. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे दिवाळीची सहल नेहमी उधाणात येते. उधाणाला पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. वाळूच्या पट्ट्या मोठ्या दिसतात, फोटो छान येतात, पण बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेत आणि खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढही सगळ्यात जोरात असते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटी लागल्यावर गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू सरकते. पंचगंगेत किंवा विहिरीत पोहायला शिकलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला हे आधी सांगणं फार गरजेचं आहे, कारण बिनधास्त पुढे जातो तो तोच. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नसतं. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर यायचं आणि मग आत वळायचं. दम संपला तर नुसतं तरंगत हात वर करायचा.

आता बोट. श्री विजयपुरमहून हॅवलॉकला जाणारी खासगी फेरी म्हणजे दोन तळांची, बंद एसी केबिनची मोठी बोट. तिला दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त. जेट्टीवरून फळी टाकून चढता येतं, त्यामुळे ज्येष्ठांना ही सोयीची. क्राबीची लाँगटेल लाकडी, अरुंद आणि पाण्यालगत असते. मागे लांब दांड्यावर गाडीचं इंजिन बसवलेलं असतं. आवाज मोठा, पाणी अंगावर उडतं, पण वेग कमी असल्याने आदळआपट कमी. ती बहुतेक वेळा किनाऱ्यालाच लागते, म्हणजे गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत पाण्यात चालत जाऊन हलत्या शिडीच्या चार-पाच पायऱ्या चढायच्या. हे दिवसातून आठ-दहा वेळा करावं लागतं, कारण प्रत्येक बेटावर उतरणं आणि चढणं आलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या काकूंना पहिल्या बेटावर जमतं. चौथ्यावर जमत नाही आणि त्या बोटीतच उन्हात बसून राहतात.

स्पीडबोट वेगळीच. दोन-तीन इंजिनं, तीस-चाळीस माणसं आणि लाटेच्या माथ्यावरून उडी मारून पुढच्या लाटेवर आपटत जाणारा तळ. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग सगळ्यात जास्त वर-खाली होतो. तिथे बसलेला माणूस आसनावरून उचलला जातो आणि माकडहाडावर आदळतो. मणका दबून मोडण्याच्या दुखापती अशाच होतात आणि पन्नाशीपुढच्या बायकांना, ज्यांची हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यांना लवकर होतात. तरुण मुलं हौसेने पुढे बसतात आणि जागा उरत नाही म्हणून आजीही पुढे जाते. तुमच्या सहल व्यवस्थापकाने हे हातात घ्यावं. ज्येष्ठ आणि पाठदुखीवाले मागच्या अर्ध्या भागात, मधोमध. अगदी शेवटी धूर आणि आवाज जास्त, तिथेही नको. गरोदर स्त्रीला स्पीडबोटीत बसवायचं नाही, आणि हे जेट्टीवर नव्हे, बुकिंगच्या वेळी विचारायचं. ज्यांच्या घरात दोन ज्येष्ठ आहेत त्यांना फी फी बेटांची लांबची सफर देण्यापेक्षा क्राबीजवळची बेटं द्या. क्राबीतल्या आओ नांगहून फ्रा नांगच्या किनाऱ्यापर्यंत लाँगटेलने पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात.

लाइफ जॅकेटबद्दल ‘उपलब्ध’ हा शब्द पुरेसा नाही. जॅकेटवर ते किती किलो वजनाच्या माणसासाठी आहे हे छापलेलं असतं. बुकिंगच्या अर्जात प्रत्येक मुलाचं वजन किलोत लिहून घ्या आणि तिथल्या बोटवाल्याला ते आधी कळवा. पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर मूल पाण्यात पडताच जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. म्हणून मुलांच्या जॅकेटला पायांमधून येणारा पट्टा हवाच. आईने तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन एकच जॅकेट घालणं हा उपाय नाही, ते एकाच्या वजनासाठी बनवलेलं असतं. तान्ह्या बाळाच्या मापाचं जॅकेट नसेल तर त्या कुटुंबाला बोटीचा दिवस देऊच नका.

मोठ्यांसाठी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. चेन लावा, सगळे बक्कल लावा, पट्टे ओढून घट्ट करा. मग दुसऱ्याने दोन्ही खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढायचं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप मोठं किंवा पट्टे सैल. फोम दाबून बघा. चुरा झालेला, पाणी प्यायलेला असेल तर बदलून मागा. साडीवर जॅकेट बसतं, पण निऱ्या भिजल्या की पायांना गुंडाळतात आणि शिडी चढता येत नाही. बोटीच्या दिवशी सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पँट घाला, हे निघण्याच्या आठवडाभर आधी घरी सांगितलं तर सगळ्या बायका ऐकतात. जेट्टीवर सांगून उपयोग नसतो. सोनं हॉटेलच्या तिजोरीत किंवा त्याआधीच घरी. आणि कोल्हापुरी चप्पल मुक्कामीच ठेवायला सांगा. खाऱ्या पाण्याने चामडं कडक होतं आणि ओल्या खडकावर तळ घसरतो. मागे पट्टा असलेली रबरी सँडल किंवा पाण्यातले बूट उत्तम; समुद्री साळिंदराचे काटे आणि धारदार प्रवाळ यांपासून तेवढंच संरक्षण मिळतं.

बंद केबिनच्या फेरीत जॅकेट कुठे ठेवलंय आणि दारं कुठली हे बसल्याबरोबर बघून घ्यायचं. केबिनमध्ये ते घालायचं की बाहेर पडताना, याबाबत खलाशी सांगतील तसं करायचं, कारण बोट कलंडून आत पाणी शिरलं तर फोमचं जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवू शकतं. उघड्या बोटीत मात्र चढण्याआधी घालायचं आणि उतरल्यावरच काढायचं.

क्षमता हा मुद्दा सगळ्यात कठोरपणे पाळा. २६ जानेवारी २०१४ रोजी अंदमानात रॉस बेटाहून नॉर्थ बेकडे जाताना ‘ॲक्वा मरीन’ उलटली आणि २१ पर्यटकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून (पाठीवर हवेची टाकी लावून मारायची बुडी) परतणारी बोट उलटून दोघे गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत एलिफंटाकडे निघालेल्या बोटीला वेगवान नौकेची धडक बसली, तेव्हा अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. जास्तीच्या माणसांमुळे बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो. मग एखादा डॉल्फिन दिसला आणि सगळे एका बाजूला धावले की बोट सावरत नाही. परवान्यावरची प्रवासी संख्या बोटीवर रंगवलेली असते. महाराष्ट्रात ती मेरिटाइम बोर्ड ठरवून देतं. तुमच्या माणसाने डोकी मोजावीत आणि एकही जास्त असेल तर गट उतरवून घ्यावा. त्यासाठी त्याला तुमचा लेखी अधिकार द्या, म्हणजे तो बोटवाल्याच्या दबावाला बळी पडणार नाही.

बोट लागण्याचा त्रास पूर्ण टाळता येत नाही, पण निम्मा कमी करता येतो. आपल्याकडून रात्रभर गाडीने गोवा किंवा मुंबई गाठायची, पहाटेचं विमान, आणि उतरल्यावर दुपारी लगेच बोट, असा कार्यक्रम असला की झोप न झालेल्या माणसाला हमखास उलटी होते. पहिल्या दिवशी बोट नकोच. आदल्या रात्री तेलाचा तवंग असलेला रस्सा आणि दारू टाळा. सकाळी बोटीच्या तासभर आधी इडली, केळं किंवा टोस्ट. अगदी रिकाम्या पोटीही मळमळतं. आलेपाकाची वडी खिशात ठेवायला हरकत नाही. गोळी उलटी सुरू झाल्यावर काम करत नाही, ती आधी घ्यावी लागते: प्रोमेथाझिनसारखी गोळी तास-दीड तास आधी. तिने झोप येते, दारूबरोबर ती चालत नाही, आणि काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. बोटीत नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात, तोंड वाऱ्याकडे.

स्नॉर्केलिंगमध्ये, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघताना, बुडण्यापेक्षा घाबरण्याने जास्त घोटाळे होतात. मास्क बसतो का हे पट्टा न लावता बघायचं: चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढला की तो चिकटून राहायला हवा. कडेखाली केस आले की पाणी झिरपतं. भरघोस मिशांखालून तर हमखास, आणि आपल्याकडे अशा मिशा पुष्कळ. ओठावरच्या कडेपुरत्या मिशा कातरल्या की काम भागतं, नाहीतर मास्क अधूनमधून रिकामा करावा लागतो. छातीभर पाण्यात उभं राहून तोंडाने दहा श्वास घेता आले तरच पुढे जायचं. बीपी आणि हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. पाठ आणि पोटऱ्या न कळत भाजतात, म्हणून लांब बाह्यांचा टीशर्ट. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट अशा प्रवाळाला घातक द्रव्यांचं सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहे. जेलीफिश डसला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. तिथल्या किनाऱ्यांवर ठेवलेलं व्हिनेगर किमान अर्धा मिनिट ओतायचं आणि मदत मागायची.

मालवण-तारकर्लीचे गट घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून. सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी घाट चढून कोल्हापूर, हा कार्यक्रम बदला. पाण्याखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त बुड्यांनंतर १८ तास विमान नको, असा दंडक आहे. तो साधारण ६०० मीटरपुढच्या उंचीला लागू धरतात. आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे, कोल्हापूर स्वतः साडेपाचशेच्या. सात-आठ मीटरच्या एका छोट्या बुडीला धोका कमी, पण दोन बुड्या मारणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढू नये. पहिल्या सकाळी स्कूबा, मालवणात मुक्काम, दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला आणि मग परत, एवढी अदलाबदल पुरे. सर्दी झालेल्याला पाण्याखाली नेऊ नका. कानातला दाब जुळत नाही आणि पडदा फाटू शकतो.

पैशांचं थोडक्यात. फी फीच्या राष्ट्रीय उद्यानाचं परदेशी प्रौढासाठी ४०० बाट आणि मुलांसाठी २०० बाट शुल्क बहुतेक वेळा वेगळं भरावं लागतं. तुमच्या दरात आहे की नाही ते स्पष्ट लिहा. फी फी बेटांतल्या माया बेमध्ये पोहता येत नाही आणि दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर तो किनारा बंद असतो, तेव्हा ‘माया बेमध्ये जलविहार’ छापू नका. अंदमानात वंडूरहून जाणाऱ्या जॉली बॉय आणि रेड स्किन या बेटांपैकी एका वेळी एकच खुलं असतं, दोन्हींचं आश्वासन देऊ नका. तिथे प्लास्टिकची बाटली नेता येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात अंदमानात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारचा कार्यक्रम कोल्हापूरच्या घड्याळाने आखू नका. शाकाहारी गटांसाठी थायलंडमध्ये नुसतं ‘व्हेज’ सांगू नका, भाजीत माशाचा सॉस असतो. ‘जे’ जेवण मागा, त्यात अंडं, मासा, कांदा, लसूण काहीच नसतं.

तेव्हा दरपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर एवढं छापा: बोटीचा प्रकार आणि परवानगीची प्रवासी संख्या, चढणं जेट्टीवरून की पाण्यातून, प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ आणि प्रत्येक बेटावर मिळणारा वेळ, त्या तारखेच्या भरती-ओहोटीच्या वेळा, मुलांच्या वजनाप्रमाणे जॅकेटं मिळतील याची हमी, वेगळी भरायची शुल्कं, विमा असेल तर त्यात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा धरलंय का. आणि शेवटी पैसे परत करण्याचा नियम. हवामानामुळे बोट सुटली नाही किंवा लिहून दिल्यापेक्षा वेगळी बोट समोर आली, तर गिऱ्हाइकाला त्या दिवसापुरतं नकार देण्याचा हक्क आहे आणि बोटीच्या दिवसाची रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल, असं आकड्यासह लिहा. त्याखाली तुमची सही आणि शिक्का असू द्या.

कळावे,
समुद्री सहली आखणारे आम्ही काही कोल्हापूरकर